'आम्ही' की 'आपण'?

परभाषेतील कादंबरीचे शीर्षक मराठीत आणताना अनुवादक सहसा एखाद्या अवघड शब्दापाशी अडतो. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०-२१ च्या सुमारास लिहून पूर्ण केलेल्या कादंबरीचे शीर्षक मात्र एक साधे सर्वनाम आहे. इंग्रजीत तिचे नाव 'वुई'. मूळ रशियन शब्दाचा उच्चार मराठी कानाला, योगायोगाने, जवळजवळ 'मी'सारखा लागतो. अर्थ मात्र प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाचा. हा शब्द मराठीत कसा आणावयाचा? 'आम्ही' म्हणावयाचे की 'आपण'?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. इंग्रजी अनुवादकाला तो पडत नाही, कारण त्याच्या भाषेत आणि मूळ रशियनमध्येही दोन्हींसाठी शब्द एकच. मराठी माणूस मात्र हा भेद दिवसातून शंभर वेळा आणि नकळत करतो. 'आम्ही उद्या नाशिकला जाणार' असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याने घरीच राहावयाचे असते. 'आपण उद्या नाशिकला जाऊ' म्हटले की त्याने पिशवी भरावयास घ्यावी. 'आम्ही'त श्रोता बाहेर असतो, 'आपण'मध्ये तो आत असतो. ज्यांची हयात दिल्ली-लखनौकडे नोकरीत गेली त्यांना ठाऊक आहे की हिंदीच्या 'हम'मध्ये ही सोय नाही, आणि तिकडे वाढणाऱ्या मुलांच्या मराठीतून हा भेद हळूहळू पुसट होत जातो. उलट अहमदाबादेस बदली झाली तर 'अमे' आणि 'आपणे' यांत तो पुन्हा भेटतो. चेन्नईत 'नांगळ' आणि 'नाम', हैदराबादेत 'मेमु' आणि 'मनमु' या जोड्यांत तो नांदतो आहे.

व्यक्ती विरुद्ध समष्टी हा विसाव्या शतकातील एक मोठा वाद. त्यावर पाश्चात्य साहित्यात कादंबऱ्यांचे एक घराणेच निर्माण झाले. आदर्श राज्याचे चित्र उलटे करून दुःस्वप्न दाखविणाऱ्या या प्रकाराला तिकडे 'डिस्टोपिया' म्हणतात. या कादंबऱ्यांची चर्चा बहुधा 'मी' आणि 'आम्ही' या दोनच शब्दांच्या झगड्यात होत आली आहे. माझे म्हणणे असे की त्यांपैकी तीन प्रमुख कृती आपल्या सर्वनामांच्या उजेडात वाचल्या तर वादाचे स्वरूपच पालटते, आणि त्या तीन लेखकांतील अंतरही त्यामुळे स्पष्ट होते.

प्रथम झाम्यातिन. त्याचा जन्म १८८४ मधला, रशियातील लेबेद्यान गावचा. शिक्षण पीटर्सबर्ग येथे जहाजबांधणीचे. १९०५ च्या क्रांतीत तो बोल्शेविकांच्या बाजूने होता व त्यासाठी झारच्या तुरुंगात गेला. पुढे १९२२ मध्ये बोल्शेविकांनी त्याला पकडले तेव्हा त्याच तुरुंगातील त्याच ओळीतली कोठडी त्याच्या वाट्याला आली. या दोन अटकांच्या मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ साली रशियन सरकारने त्याला इंग्लंडात न्यूकॅसल येथे पाठविले. रशियासाठी तेथे बर्फफोडी जहाजे बांधली जात होती. त्यांच्या बांधणीवर देखरेख करणे हे त्याचे काम. त्यांपैकी एक जहाज पुढे 'क्रासिन' या नावाने प्रसिद्ध झाले आणि आज पीटर्सबर्गमध्ये वस्तुसंग्रहालय म्हणून उभे आहे. थोडक्यात, हा लेखक काही काळ परमुलखात नेमणुकीवर असलेला एक तांत्रिक अधिकारी होता. आराखडे, वेळापत्रके, अहवाल आणि वरिष्ठांची पत्रे यांतच त्याचा दिवस जात असला पाहिजे. या पत्रिकेच्या वाचकांना त्याच्याविषयी थोडी जवळीक वाटावयास हरकत नाही.

त्याच्या कादंबरीचा निवेदक डी-५०३ हाही असाच एक अभियंता आहे. काळ आजपासून कित्येक शतकांनंतरचा. दोनशे वर्षे चाललेल्या महायुद्धातून मानवजातीचा अल्पसा अंश वाचला आहे, आणि तो 'एकराज्या'च्या काचेच्या नगरात, रानाला अडविणाऱ्या हिरव्या भिंतीच्या आत, सुखाने राहतो. माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. भिंती पारदर्शक आहेत. पडदे ओढावयास परवानगी लागते, आणि ती गुलाबी चिठ्ठी दाखवून ठरावीक दिवशीच मिळते. सगळे एकाच क्षणी उठतात, एकाच क्षणी घास तोंडात घालतात आणि तो पन्नास वेळा चावतात. दिवसातील दोन तास तेवढे 'वैयक्तिक' म्हणून राखलेले आहेत, आणि गणिताच्या या अपुरेपणाबद्दल डी-५०३ ला मनापासून वाईट वाटते. 'इंटिग्रल' नावाचे अंतराळयान बांधण्याच्या कामावर तो प्रमुख आहे. हे यान इतर ग्रहांवरील अडाणी जीवांकडे एकराज्याचे सुख घेऊन जाणार आहे; ते सुख त्यांनी समजुतीने घेतले नाही तर त्यांना सक्तीने सुखी केले जाईल. यानाबरोबर पाठविण्यासाठी नागरिकांनी एकराज्याची स्तुती करणारे लेखन करावे असे आवाहन होते. डी-५०३ रोजनिशी लिहावयास बसतो, आणि तीच ही कादंबरी.

येथे आपला पहिला धागा हाती येतो. ही रोजनिशी परग्रहावरील अज्ञात वाचकांना उद्देशून आहे. 'आमच्या' राज्यात काय काय आहे हे 'तुम्हांला' सांगण्यासाठी ती लिहिली जाते. म्हणजे शीर्षकातील सर्वनाम निःसंशय 'आम्ही' आहे. ते प्रचारपत्रकातील 'आम्ही' आहे. त्यात ऐकणाऱ्याला जागा नाही. तो भिंतीच्या पलीकडचा, अजून जिंकावयाचा राहिलेला.

पुढे आय-३३० ही स्त्री डी-५०३ च्या आयुष्यात येते. ती बंडखोर आहे, नियम मोडते आणि त्यालाही मोडावयास लावते. त्याच्या शांत गणिती मनात उणे एकच्या वर्गमुळासारखी एक न सुटणारी राशी शिरते. तो वैद्याकडे जातो. वैद्य गंभीरपणे निदान करतो की त्याला आत्मा फुटला आहे. या भागातील प्रेमकथा, ईर्ष्या आणि कट यांबद्दल समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो रोजनिशीच्या स्वरात पडणारा फरक. प्रारंभी ज्या अज्ञात वाचकाला तो वरून शिकवीत होता, त्याच्यापाशी आता तो कबुली देऊ लागतो. आपली भीती, लाज आणि गोंधळ त्याला सांगतो. तुम्हीही कधी असे अनुभवले असेल, असे त्याला चाचपडत विचारतो. एकराज्यात ज्या गोष्टी तो कोणालाही सांगू शकत नाही त्या एका न पाहिलेल्या वाचकाला सांगतो. सरकारी पत्रकाचे खाजगी पत्र होते. 'आम्ही' म्हणून सुरू झालेल्या लेखनात श्रोता आत घेतला जातो; मराठीत सांगावयाचे तर 'आम्ही' हळूहळू 'आपण' होतो. डी-५०३ ला आत्मा फुटला म्हणजे त्याला केवळ 'मी' सापडला, असे नव्हे. त्याला कोणीतरी 'तू' सापडले, आणि त्या 'तू'च्या आधाराने त्याचा 'मी' उभा राहिला.

याच कादंबरीतील मतदानाच्या दिवसाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दरवर्षी 'एकमताच्या दिवशी' सर्व नागरिक मैदानात जमतात आणि 'हितकर्ता' या सर्वोच्च अधिकाऱ्याची उघड हात वर करून फेरनिवड करतात. प्राचीन लोक चोरासारखे लपून मतदान करीत आणि निकाल काय लागेल हे त्यांना आधी ठाऊक नसे, याचे डी-५०३ ला हसू येते. त्या वर्षी मात्र 'विरोधी कोण?' या निव्वळ औपचारिक प्रश्नाला उत्तर म्हणून हजारो हात वर जातात. गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी शासकीय वृत्तपत्र जाहीर करते की हितकर्त्याची निवड नेहमीप्रमाणे एकमतानेच झाली. विरोधी हातांचे काय? संगीताच्या मैफलीत आजारी श्रोते खोकले म्हणून तो खोकला रागाचा भाग होत नाही, असे ते वृत्तपत्र शांतपणे समजावते.

समष्टीच्या जुलमाचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे आढळले नाही. आदल्या सायंकाळपर्यंत 'आपण सर्व' असे ज्याचे नाव होते, त्यातून 'नाही' म्हणणारे सकाळी वगळले गेले, आणि उरले त्यांनी स्वतःला पुन्हा 'सर्व' म्हणवून घेतले. असे वगळणे एकदा चालू झाले की त्याला शेवट नसतो. यानाच्या चाचणीच्या वेळी दहाएक कामगार यंत्राखाली सापडून नाहीसे होतात आणि कामाची लय क्षणभरही बिघडत नाही. एवढ्या मोठ्या संख्येत दहाची गणना ती काय, असे डी-५०३ अभिमानाने नोंदवितो. हुकूमशाहीचा 'आम्ही' कधीच 'आपण' नसतो. त्याने फक्त 'आपण'चा अंगरखा घातलेला असतो.

शेवट सर्वश्रुत आहे. कल्पनाशक्ती हाच रोग ठरवून एकराज्य तिच्यावर शस्त्रक्रिया सक्तीची करते. शस्त्रक्रियेनंतर डी-५०३ सहकाऱ्यांची नावे सांगून टाकतो, आणि वायुघंटेखाली आय-३३० चा छळ होत असता समोर बसून निर्विकारपणे पाहतो. ती मात्र एक शब्द बोलत नाही. अखेरच्या नोंदीत तो विजयाची खात्री देतो ती पुन्हा अनेकवचनात. आणि अनुवादकाला तेथे निमूटपणे 'आम्ही' लिहावे लागेल. परंतु लेखकाने एक फट ठेविली आहे. ओ-९० ही साधी, गोल चेहऱ्याची स्त्री, जिला उंची दहा सेंटिमीटर कमी भरल्यामुळे मातृत्वाची परवानगी नाही, ती डी-५०३ चे मूल पोटात घेऊन भिंतीपलीकडे निघून गेलेली असते. तिला तेथे पोचविण्याची व्यवस्था आय-३३० करते, म्हणजे तिची सवत. या कादंबरीतील खरे बंड मला या दोन स्त्रियांच्या व्यवहारात दिसते.

'ही रशियातील साम्यवादावरची टीका' असे म्हणून हे पुस्तक बाजूला सारण्याची सोय पुष्कळांनी करून घेतली. रशियात ते १९८८ पर्यंत छापले गेले नाही, हे खरे. त्याचा इंग्रजी अनुवाद न्यूयॉर्कला १९२४ मध्ये निघाला. १९२७ मध्ये प्रागच्या एका निर्वासित नियतकालिकात त्याचे भाग रशियनमध्ये आले, आणि त्यावरून लेखकाचा मायदेशी छळ झाला. १९३१ मध्ये त्याने स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली; गॉर्कीच्या मध्यस्थीने ती मिळाली, आणि १९३७ मध्ये तो पॅरिसला वारला. पण त्या वेळापत्रकाचे मूळ कोठे आहे? न्यूकॅसलला असताना त्याने इंग्रज मध्यमवर्गावर 'द्वीपवासी' नावाची एक उपहासकथा लिहिली. तीतला धर्मोपदेशक जेवण, फिरणे, पश्चात्ताप आणि दानधर्म यांचे तक्ते करून ठेवतो, आणि एक तक्ता पत्नीच्या वाट्यासाठीही राखतो. लोकांचा उद्धार सक्तीने करावा असे त्याचे मत आहे. म्हणजे गुलाबी चिठ्ठीचे बीज मॉस्कोत पडण्यापूर्वी एका इंग्रज पाद्र्याच्या घरात पडलेले होते. एकराज्यात ज्या प्राचीन पुरुषाला द्रष्टा मानतात तो मार्क्स नसून कारखान्यातील कामाचे सेकंदावर मापन करणारा अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर आहे. झाम्यातिनचा आक्षेप एका पक्षावर नव्हता. माणसाला कोष्टकात बसविण्याच्या वृत्तीवर होता, आणि ती वृत्ती धर्मपीठात, कारखान्यात आणि कचेरीत सारखीच नांदते.

आता दुसरी कृती. आयन रँड ही लेखिका १९०५ मध्ये त्याच पीटर्सबर्गला जन्मली. क्रांतीनंतर तिच्या वडिलांचे औषधांचे दुकान सरकारजमा झाले. १९२६ मध्ये ती अमेरिकेस गेली. 'अँथम' ही तिची छोटी कादंबरी १९३८ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाली आणि १९४६ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती अमेरिकेत निघाली. येथेही माणसांना नावाऐवजी शब्द आणि आकडे आहेत. 'मी' हा शब्दच नष्ट झालेला आहे. तो उच्चारणाऱ्यास जिवंत जाळतात. इक्वॅलिटी ७-२५२१ हा बुद्धिमान तरुण. परंतु मंडळाने त्याला रस्ते झाडण्याच्या कामावर नेमले. जमिनीखालील एका जुन्या भुयारात तो एकट्याने प्रयोग करून विजेचा दिवा पुन्हा शोधून काढतो आणि भोळेपणाने विद्वानांच्या महामंडळापुढे नेतो. मंडळ भयभीत होते. मेणबत्तीला सर्व मंडळांची संमती मिळावयास पन्नास वर्षे लागली होती. दिव्यामुळे मेणबत्ती खाते बुडेल! ज्यांनी एखादे प्रकरण चार खात्यांच्या अभिप्रायासाठी फिरताना पाहिले आहे त्यांना येथे हसू आवरणे कठीण जाईल. विनोदासाठी फारशी ख्याती नसलेल्या या लेखिकेचे ते पान खरोखर उत्तम आहे.

कादंबरी जवळजवळ शेवटपर्यंत अनेकवचनात लिहिलेली आहे. रानात एकटा भटकणारा माणूस स्वतःला 'वुई' म्हणतो, आणि इंग्रजी वाचकाच्या कानाला ते दर ओळीला टोचते. मराठीत हा परिणाम साधणे अवघड आहे. एकट्या माणसाने 'आम्ही' म्हटले की आपल्याला ऐतिहासिक नाटकातील महाराज आठवतात, नाही तर अग्रलेख लिहिणारा संपादक! पुस्तकातील सर्वांत हृद्य क्षण त्याच्यामागून रानात आलेली तरुणी त्याच्यावरील प्रेम बोलून दाखवू पाहते तो आहे. 'आम्ही'चा उपयोग नाही हे तिला कळते आणि दुसरा शब्द तिला ठाऊक नसतो. ती अडखळते, थांबते. लेखिका तेथेच थांबती तर!

परंतु पुढे त्यांना जुन्या काळातील एक घर सापडते. तेथील ग्रंथांत नायकाला 'मी' हा शब्द मिळतो, आणि कादंबरीचे स्तोत्र होते. आतापर्यंत 'आम्ही'ची पूजा होती, आता 'मी'ची सुरू होते. देव्हारा तोच, मूर्ती बदलली. नायक स्वतःसाठी प्रॉमिथियस हे नाव निवडतो. तरुणीचे नाव मात्र तोच ठरवितो. घराभोवती विजेच्या तारांचे कुंपण घालण्याचा बेत तो करतो, म्हणजे त्याच्या पूर्वीच्या बांधवांना ते कधी ओलांडता येऊ नये. निवडक मित्रांना तेवढे आत बोलावणार. झाम्यातिनच्या कादंबरीत भिंत फुटते; रँडच्या कादंबरीत नवी भिंत उभी राहते. तिच्यामागे जो राहतो त्याच्या तोंडी एकवचन असले तरी व्याकरणाचा कस लावला तर ते 'आम्ही'च ठरते, कारण श्रोत्याला बाहेर ठेवणे हा त्याचा धर्म कायम आहे. रँडचा संताप खरा होता; तिच्या कुटुंबाने किंमत मोजली होती. पण संतापात तिने शत्रूचेच व्याकरण उचलले. ज्या जगात 'मी' आणि 'आम्ही' एवढीच दोन सर्वनामे आहेत, त्यात सुटकेचा मार्ग एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत जाण्यापुरताच उरतो.

यावर कोणी म्हणेल, 'आपण' या शब्दावर इतका विश्वास कशासाठी? कचेरीत वरिष्ठ जेव्हा 'हे टिपण आपण उद्या सकाळपर्यंत करून टाकू' असे म्हणतात, तेव्हा रात्री कोण जागणार हे कनिष्ठास पुरते ठाऊक असते! आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर तिसऱ्या लेखकापाशी सापडते. जॉर्ज ऑर्वेल १९०३ मध्ये बिहारातील मोतीहारी येथे जन्मला. त्याचे वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते, आणि तो स्वतः १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. झाम्यातिनच्या कादंबरीवर त्याने जानेवारी १९४६ मध्ये 'ट्रिब्यून' साप्ताहिकात परीक्षण लिहिले. १९४९ मध्ये त्याची '१९८४' प्रसिद्ध झाली. तीत ओब्रायन हा उच्चाधिकारी विन्स्टन व ज्यूलिया यांना घरी बोलावतो, मद्याचे पेले भरतो आणि सत्तेविरुद्धच्या गुप्त बंधुसंघात त्यांना सामील करून घेतो. पुढे कोठडीत तोच ओब्रायन विन्स्टनचा छळ करतो आणि पक्षाच्या वतीने बोलतो. दोन्ही ठिकाणी इंग्रजी सर्वनाम एकच. मराठी अनुवादकाला मात्र दिवाणखान्यात 'आपण' आणि कोठडीत 'आम्ही' लिहावे लागेल. आणि या एका बदलात कादंबरीतील सारा विश्वासघात येऊन जाईल. सत्तेने चोरलेल्या वस्तूंत 'आपण' हा शब्द सर्वांत मौल्यवान होता, हे ऑर्वेलने ओळखले. नाणे खोटे पाडले जाते, कारण खऱ्या नाण्याला मोल असते.

मराठीत 'आपण' या शब्दाचे तीन अर्थ एकत्र राहतात. बोलणारा व ऐकणारा मिळून 'आपण'. आदराने संबोधलेला समोरचा माणूस तोही 'आपण'. आणि स्वतः या अर्थीही 'आपण'च, जसे 'ज्याने त्याने आपण विचार करावा'. 'मी', 'तुम्ही' आणि दोघे मिळून, असे तिघेही एका शब्दाच्या छपराखाली नांदतात. यात मराठी भाषकांनी गर्व करावा असे काही नाही. भाषेत शब्द असला म्हणजे समाजात वृत्ती असतेच असे नव्हे. केशवसुतांनी 'आम्ही कोण?' हा प्रश्न केला तेव्हा त्यांच्या 'आम्ही'त कवी होते, आणि अत्र्यांनी त्या कवितेचे विडंबन करून तो तोरा उतरविला. विनोदाने ते साधले. जातीच्या आणि गावकीच्या 'आम्ही'तून किती जणांना शतकानुशतके वेशीबाहेर ठेविले गेले, त्याला विनोदाचा उतारा नव्हता.

म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे सांगितले ते येथे स्मरणे उचित होईल. मसुद्याने गाव हे एकक न मानता व्यक्ती हे एकक मानले, याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. गावाच्या 'आम्ही'ची चव ज्यांनी घेतली होती त्यांच्या तोंडून आलेला तो शब्द होता. परंतु त्यांची व्यक्ती रँडच्या नायकासारखी तारेच्या कुंपणात राहत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना परस्परांपासून वेगळे करता येत नाही असे बजाविले. राज्यघटनेच्या सरनाम्यात व्यक्तीची प्रतिष्ठा आणि बंधुता एकाच वाक्यांशात येतात, हा योगायोग नव्हे. मराठी सरनाम्याचा आरंभ 'आम्ही' या शब्दाने होतो आणि अखेर ते संविधान स्वतःप्रत अर्पण करण्याने होते. देणारा आणि घेणारा एकच असेल तर ऐकण्यास बाहेर कोणी उरतच नाही. तो 'आम्ही' आपल्या वाक्याच्या शेवटापर्यंत पोचला तर 'आपण' होतो. वाटेतच थांबला तर भाषा सरनाम्याची राहूनही व्यवहार एकराज्याचा होऊ शकतो.

शासनाची नोकरी करणाऱ्यांना हे विशेष कळावे. आपल्या पत्रांत 'असे कळविण्याची मला आज्ञा झाली आहे' असा एक 'मी' असतो. तो सही करतो, परंतु बोलत नाही. त्याच्या मुखातून दुसरेच कोणी बोलते. यंत्रणा चालवावयाची तर तो लागतोच. प्रत्येक लिपिकाने स्वतःचा प्रॉमिथियस केला तर निवृत्तिवेतनाचे एकही प्रकरण निकालात निघणार नाही. डी-५०३ चा अपराध तो अधिकारी होता हा नव्हता. यंत्राखाली दहा माणसे गेली तेव्हा त्याने आकडेमोड केली, आणि विरोधी हातांना वृत्तपत्राने खोकला ठरविले तेव्हा त्याने ते मान्य केले, तेथे त्याचा अपराध होता. टेबलापलीकडे उभा असलेला अर्जदार आपल्या वाक्यातील 'आम्ही'च्या बाहेर आहे की 'आपण'च्या आत, एवढे प्रत्येकाला आपल्या जागी बसून ठरविता येते. त्यासाठी वरून आदेश यावा लागत नाही.

तेव्हा झाम्यातिनच्या कादंबरीचे मराठी शीर्षक 'आम्ही' असेच असावयास हवे. पहिल्या पानावर डी-५०३ ने तोच शब्द लिहिला असता, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या शेवटच्या पानावरही तोच. मधल्या पानांत जेथे जेथे तो आपल्या अज्ञात वाचकाशी धीर करून बोलतो, तेथे मात्र अनुवादकाने न घाबरता 'आपण' लिहावे. ओ-९० चे मूल भिंतीपलीकडे वाढते आहे. त्याच्या तोंडी पहिला कोणता शब्द येतो, हे लेखकाने सांगितलेले नाही.